हा करंट नेमका कुणाचा?

पॉलिएस्टरची २५ मायक्रॉन जाडीची फिल्म घ्या, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ थर द्या आणि त्यावर ५०० व्होल्ट लावा. फिल्ममधून करंट किती जाईल? "इन्सुलेटर आहे, जाणारच नाही," हे शाळेतलं उत्तर. खरं म्हणजे जातो, पण एखादा पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. ऐकायला नगण्य वाटतो, तरी त्यात सेकंदाला सुमारे ६२ लाख इलेक्ट्रॉन असतात. याच फिल्मवर अतिनील प्रकाश सोडला की हा करंट वाढतो. का वाढतो, किती वाढतो आणि प्रकाश बंद केल्यावर मुकाट्याने खाली का येत नाही, हा माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होता. मुंबईतलं कॉलेज, नव्वदच्या दशकाचा शेवट, आणि काट्याचा एक जुना इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक करंट मोजणारा मीटर.

विषय सरांनी दिला. मला खरं तर सेमीकंडक्टर हवा होता, कारण पुढे नोकरी त्यात मिळते असं सगळे म्हणायचे. सर म्हणाले, "सिलिकॉनबद्दल पुस्तकात सगळं छापलेलं आहे. प्लास्टिकवर काम कर, विचार करायला लागेल." माझा पार्टनर डोंबिवलीहून यायचा, मी मुलुंडहून. दोघांनाही गाडीची वेळ गाठायची असायची आणि प्रयोगाला कसलीच वेळ पाळायची नव्हती.

आधी दिव्याचं बघायचं होतं. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लो-प्रेशर मर्क्युरी लॅम्प देतो. सायंटिफिक पुरवठादाराकडचा दिवा आमच्या आवाक्यात नव्हता. पण हीच तरंगलांबी जंतू मारते, त्यामुळे वॉटर प्युरिफायरमध्ये नेमकी हीच ट्यूब बसवलेली असते. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने विचारलं, "मॅडम, कुठल्या कंपनीचा फिल्टर?" म्हटलं, फिल्टर नको, नुसती ट्यूब आणि तिचा चोक द्या. त्याने आमच्याकडे जरा संशयाने पाहिलं. त्याच रस्त्यावर नोटा तपासायचा जांभळट दिवाही मिळाला. तो ३६५ नॅनोमीटरचा. एकाच फेरीत दोन्ही मिळाले म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जा हाताशी आल्या. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. पहिल्या दिव्याची ४.८८, दुसऱ्याची ३.४०. पॉलिएस्टर, म्हणजे पीईटी, साधारण ३२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषतं. म्हणजे पहिल्या दिव्याचा प्रकाश फिल्मच्या वरच्या कातडीतच संपतो आणि दुसऱ्याचा आरपार जातो. हा फरक पुढे फार कामाला आला.

ट्यूब हाताळणाऱ्यांसाठी एक सांगते. २५४ नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो सोबतचा फिकट निळा उजेड, म्हणून माणूस निर्धास्तपणे बघत राहतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा कळतं. आमच्याकडे पॉलिकार्बोनेटचे गॉगल होते आणि ते घातल्याशिवाय ट्यूब लावायची नाही असा सरांचा दंडक होता. पॉलिकार्बोनेट स्वतः पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, आणि तेही अतिनील अडवतं, म्हणजे आमच्या विषयातलंच एक सँपल आम्ही नाकावर घेऊन फिरत होतो.

फिल्मवर अॅल्युमिनियम चढवायला व्हॅक्यूम कोटिंग युनिट होतं. आधी रोटरी पंप, मग डिफ्यूजन पंप, आणि दाब दहा मायक्रोटॉरच्या आसपास आला की टंगस्टनच्या फिलामेंटवर लटकवलेले अॅल्युमिनियमच्या तारेचे तुकडे तापवायचे. ते वितळतात, क्षणभर चमकतात आणि काचेच्या घंटेच्या आतून आरसा चढतो. खालच्या बाजूचा थर जाड चालतो. वरचा मात्र असा हवा की त्यातून करंटही वाहावा आणि अतिनीलही आत शिरावं. अॅल्युमिनियम या प्रकाशाला फार चांगलं परावर्तित करतं, त्यामुळे थर थोडा जाड झाला तरी आत काही पोचत नाही. लॅबमधल्या काकांची परीक्षा सोपी होती. फिल्म छताच्या ट्यूबलाइटसमोर धरायची. ट्यूब राखाडी-निळसर दिसली तर ठीक, नाही दिसली तर परत कोटिंग. "ताई, हा गेला," असं म्हणून ते सँपल बाजूला ठेवायचे, आणि नंतर मीटरने मोजलं तरी त्यांचंच खरं निघायचं.

मग पावसाळा सुरू झाला. ५०० व्होल्टला एक पिकोअँपिअर म्हणजे ५०० लाख कोटी ओहम रोध. इतक्या रोधाच्या शेजारी फिल्मच्या कडेवर दमट हवेचा न दिसणारा ओलावा बसला की करंट आतून जायच्याऐवजी पृष्ठभागावरून, कडेला वळसा घालून जातो. जुलैतल्या मुंबईत तो बसतोच. त्यावर उपाय गार्ड रिंगचा. मोजायच्या इलेक्ट्रोडभोवती, म्हणजे मीटरला जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या थराभोवती, मधे बारीक फट ठेवून, अॅल्युमिनियमचंच एक कडं चढवायचं आणि ते जमिनीला जोडायचं. कडेवरून येणारा करंट कड्यातच पकडला जातो, मीटरपर्यंत पोचत नाही. शिवाय सँपल टेफ्लॉनच्या खांबांवर, खांब अल्कोहोलने पुसलेले, पुसल्यावर बोट लावायचं नाही, आणि सगळं पंप लावलेल्या बंद डब्यात. डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचे. ऑगस्टमध्ये आमचा ओव्हन या एकाच कामाला जुंपलेला होता.

इलेक्ट्रोमीटर त्याच्या सर्वांत नाजूक रेंजवर असला की खोलीतल्या प्रत्येक हालचालीची बातमी काट्याला लागते. केबल जरा वाकली तरी आतल्या इन्सुलेशनच्या घासण्याने चार्ज तयार होतो आणि काटा उडतो. म्हणून केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधलेली. डब्याचं झाकण उघडं असताना कुणी सिंथेटिक साडी नेसून शेजारून गेलं तरी काटा सरकायचा. शेजारच्या टेबलावरच्या मुलींना आम्ही "जरा लांबून जा ना" असं इतक्यांदा सांगितलं की त्यांनी आमच्या कोपऱ्याला सोवळं असं नाव ठेवलं. ट्यूबचा चोक चालू-बंद करताना तर काटा थेट टोकाला आपटायचा. त्यावर तोडगा म्हणजे ट्यूब बंदच करायची नाही. ती आधी पेटवून स्थिर होऊ द्यायची आणि मधे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं शटर सरकवायचं.

आणि थांबायचं. इन्सुलेटरला व्होल्टेज दिलं की सुरुवातीला बराच जास्त करंट दिसतो आणि मग तो हळूहळू, तासन् तास, उतरत राहतो. आतले रेणू आणि अडकलेले चार्ज आपापल्या जागी बसत असतात. हा उतार पुरता सपाट व्हायच्या आत प्रकाश सोडला तर काय वाढलं आणि काय आपोआप उतरलं याचा हिशोब लागत नाही. सकाळी व्होल्टेज द्यायचं, लेक्चरं करून यायचं, दुपारी काटा बघायचा. सर डोकावून म्हणायचे, "अगं, अजून उतरतोय. चहा घेऊन ये."

पहिल्यांदा शटर सरकवलं तेव्हा एक-दीड पिकोअँपिअरवर असलेला काटा झपकन वर गेला आणि मग सावकाश चढत चाळीसच्या आसपास टेकला. पार्टनर ओरडलाच. सर आले, काट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा करंट कुणाचा?" तो प्रश्न मला तेव्हा शुद्ध खडूसपणा वाटला. पण पुढचे कितीतरी आठवडे आम्ही त्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, आणि आज कुणी प्रकाशाने वाढलेल्या करंटचा आलेख दाखवला की माझ्याही तोंडून आधी तोच येतो.

कारण दावेदार बरेच होते. पहिला दावेदार उष्णता. दिवा सँपल तापवतो, आणि पॉलिमर तापलं की त्याचा करंट प्रकाशाशिवायही वाढतो. सँपलच्या धारकाला थर्मोकपल लावलं. तापमान हळूहळू चढत होतं, करंटची पहिली उडी मात्र तत्क्षणी होती. ती उडी प्रकाशाची. मागची संथ चढण संशयास्पद होती, तिच्यासाठी दिवा लांब नेऊन मधे छोटा पंखा ठेवला.

दुसरा दावेदार डब्याचं धातूचं अंग. ४.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन अॅल्युमिनियममधून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतो, त्याला साधारण ४.२ पुरतात. म्हणजे प्रकाश जिथे जिथे उघड्या धातूवर पडेल तिथून इलेक्ट्रॉन सुटणार, आणि ते फिल्ममधून न जाताच मीटरकडे पोचू शकतात. हे नवं दुखणं नव्हेच. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झ रेडिओलहरींचा शोध घेत असताना त्याच्या लक्षात आलं की ठिणगीवर दुसऱ्या ठिणगीचा अतिनील प्रकाश पडला की ती सहज उडते. मधे काच धरली की परिणाम जायचा, क्वार्ट्झ धरलं की राहायचा. आम्हीही तेच केलं. डब्याची खिडकी क्वार्ट्झची होती. तिच्यावर खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा ठेवला. निळसर उजेड जसाच्या तसा, डोळ्यांना काही फरक नाही, आणि काटा मात्र जवळपास अंधारातल्या जागेवर परत. दिसणाऱ्या उजेडाचा या करंटशी संबंध नाही एवढं पक्कं झालं. धातूचा प्रश्न उरला, म्हणून सँपलवर मधोमध भोक पाडलेला पत्रा बसवला. भोक इलेक्ट्रोडपेक्षा लहान, म्हणजे कडेच्या फटीवर किंवा डब्याच्या भिंतीवर प्रकाश जाणारच नाही. करंट थोडा घटला, पण भोकाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबातच.

तिसरा दावेदार सर्वांत चिवट, तो म्हणजे सँपलचं स्वतःचं इलेक्ट्रोड. अॅल्युमिनियमच्या त्या पातळ थरातून सुटलेला इलेक्ट्रॉन बाहेर न जाता आत फिल्ममध्ये शिरला तर? मग करंट फिल्ममधून वाहतो खरा, पण जन्म त्याचा धातूत. इथे नोटांचा दिवा उपयोगी पडला. त्याचा प्रकाश पीईटी शोषत नाही, तेव्हा त्याने करंट वाढला तर बोट धातूकडे जातं. वाढला, पण अगदी थोडा. मग काही सँपलवर अॅल्युमिनियमऐवजी सोनं चढवलं. सोन्यातून इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते. २५४ खाली दोन्ही धातूंचे आकडे सारखे आले नाहीत, पण धातू बदलला म्हणून करंट नाहीसाही झाला नाही. आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं की मोठा वाटा फिल्ममधल्या शोषणाचा आहे आणि इलेक्ट्रोडचा हिस्सा वेगळा काढता आलेला नाही. सरांनी ते वाक्य तसंच ठेवायला लावलं.

प्रकाश कमी-जास्त करून बघायचा होता. अतिनीलसाठी फिल्टर महाग, आणि साध्या रंगीत काचा चालत नाहीत. काकांनी क्रॉफर्ड मार्केटमधून मैद्याच्या चाळण्यांची स्टीलची जाळी आणून दिली. तारा सगळ्या लांबीचा प्रकाश सारखाच अडवतात, त्यामुळे एकावर एक जाळ्या ठेवल्या की प्रकाश ठरावीक प्रमाणात घटतो. दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन आलेख काढला. करंट प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असता तर उतार एक आला असता. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे राहणारी, धन चार्जसारखी वागणारी रिकामी जागा) वाटेत एकमेकांना भेटून नाहीसे होत असतील तर अर्धा. आमचा मधेच कुठेतरी आला. खऱ्या पॉलिमरमध्ये तो बहुधा मधेच येतो, कारण चार्ज पकडून ठेवणाऱ्या जागा वेगवेगळ्या खोलीच्या असतात.

या पकडून ठेवणाऱ्या जागांनीच, ट्रॅप्सनीच, प्रोजेक्टचा सर्वांत मजेदार भाग दिला. शटर बंद केल्यावर करंट एका झटक्यात काही भाग खाली यायचा आणि उरलेला मिनिटामिनिटाने, रेंगाळत. काही वेळाने व्होल्टेज काढून टाकलं, दोन्ही इलेक्ट्रोड मीटरमधून जोडले आणि अंधारात काटा शून्यावर येऊ दिला. आता सँपलवर बाहेरून काहीच नाही. मग शटर उघडलं. काटा हलला, आणि उलट्या दिशेला. कसलीही बॅटरी नसताना. आधीच्या प्रयोगात प्रकाशाने निर्माण केलेले चार्ज आतल्या ट्रॅप्समध्ये बसून होते. पुन्हा प्रकाश पडल्यावर ते सुटले, आणि त्यांच्याच विद्युतक्षेत्राने त्यांना आल्या वाटेने परत ढकललं. प्रकाश आणि व्होल्टेज एकत्र देऊन पदार्थात असं टिकाऊ ध्रुवीकरण साठवता येतं हे बल्गेरियाच्या गेओर्गी नाजाकोव्ह यांनी १९३७ मध्ये गंधकावर दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कमध्ये जी पहिली कोरडी फोटोकॉपी काढली तीही जस्ताच्या पत्र्यावरच्या गंधकावरच. कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सच्या दुकानात आम्ही रिपोर्टच्या प्रती काढायला जायचो, त्या मशीनचा ड्रमही याच तत्त्वाने चार्ज धरतो आणि प्रकाश पडेल तिथे सोडतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की एकदा वापरलेलं सँपल कोरं राहत नाही. कालच्या प्रयोगाचा इतिहास आजच्या आकड्यात मिसळतो. म्हणून प्रत्येक मापनाआधी दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करून फिल्म ओव्हनमध्ये तापवायची. पीईटीचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक पॉलिमर मऊ पडू लागतं ते तापमान, ७०-८० अंशांच्या आसपास आहे, त्याच्या वर नेलं की साखळ्या मोकळ्या हलतात आणि अडकलेले चार्ज सुटतात. यात दिवसचे दिवस जायचे. त्यांचे आकडे रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाहीत.

आमची मांडणी बरोबर आहे ना हे तपासायला सरांनी अधूनमधून पॉलिव्हिनाइल कार्बाझोलची फिल्म मोजायला लावली. पीव्हीके. अंधारात चांगला इन्सुलेटर, पण अतिनीलमध्ये पीईटीपेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद देणारा. यातच एक दुसरं द्रव्य मिसळून तो दिसणाऱ्या प्रकाशालाही संवेदनशील केला आणि आयबीएमने १९७० मध्ये आपल्या कॉपियरमध्ये वापरला. पीव्हीकेमध्ये वाहणारे चार्ज मुख्यतः होल असतात, हे माहीत असलेलं उत्तर. प्रकाश वरच्या कातडीतच शोषला जातो, म्हणून वरचं इलेक्ट्रोड धन ठेवलं की होल फिल्मच्या पूर्ण जाडीतून खाली जातात आणि करंट मोठा येतो. ऋण ठेवलं की खाली जायची पाळी इलेक्ट्रॉनांवर येते आणि करंट पडतो. आमच्या डब्यात तसंच आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला पीईटीच्या आकड्यांवर भरवसा वाटला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी आलेख बाजूला सारले आणि विचारलं, "किती फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन?" हिशोब तयार होता. खिडकीतून येणारा प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मिलिवॉट, भोक चार चौरस सेंटिमीटरचं, वरचा थर त्यातला दहावा हिस्सा आत सोडतो असं धरलं तर फिल्ममध्ये सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी फोटॉन. मोजलेला करंट ४० पिकोअँपिअर, म्हणजे सेकंदाला २५ कोटी इलेक्ट्रॉन. ढोबळमानाने २० लाख फोटॉनमागे एक.

"बाकीच्यांचं काय होतं?"

फोटॉनने वेगळे केलेले इलेक्ट्रॉन आणि होल जन्मतःच एकमेकांच्या ओढीत असतात. पीईटीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ ही ओढ किती पटीने कमी करतो तो आकडा, तीनच्या आसपास, त्यामुळे ही ओढ खोलीच्या तापमानातल्या उष्ण हालचालीइतकी क्षीण व्हायला त्यांच्यात जवळपास १९ नॅनोमीटर अंतर पडावं लागतं. सिलिकॉनमध्ये पाचाच्या आतच काम होतं. पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन थोडे नॅनोमीटर जाऊन थबकतो आणि बहुतेक जोड्या परत एक होतात. निसटण्याची शक्यता किती, याचं गणित लार्स ऑनसागर यांनी १९३८ मध्ये मांडलेलं आहे. त्यातूनच कळतं की व्होल्टेज वाढवलं की निसटणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं. परत एक झालेल्यांची ऊर्जा उष्णता होते, थोडी फिकट प्रकाश म्हणून बाहेर पडते, आणि काही वेळा साखळीतला एखादा बंध तोडते.

परीक्षकांना शेवटच्या भागात जास्त रस होता. त्यांनी दिव्याखाली सर्वांत जास्त राहिलेलं सँपल मागितलं. डब्यातून काढून दिलं. भोकाखालचा गोल किंचित पिवळा पडला होता आणि दुमडल्यावर तिथेच तडा गेला. "याचा अंधारातला करंट मोजलात का?" मोजला होता, कोऱ्या फिल्मपेक्षा जास्त येत होता, पण तापवून-शॉर्ट करूनही तो पूर्ण का उतरत नाही याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सरांनी पुढच्या बॅचमधल्या मुलाला तोच विषय दिला. आम्ही त्याला सँपल, जाळ्या आणि केबलची चिकटपट्टी सोपवली, आणि काकांनी त्याच्याकडून पहिल्याच दिवशी सिलिका जेल भाजून घेतलं.